अमाल्फीला पहिल्यांदा जाताना: सालेर्नोची बाजू धरा आणि रात्र अमाल्फीतच काढा

दक्षिण इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरचं अमाल्फी गाव केवढं? धक्क्यावरून निघून मुख्य रस्त्याने सरळ वर चालत गेलं, तर पंधरा-वीस मिनिटांत घरं विरळ होतात आणि दरी सुरू होते. एवढ्याशा जागेत हंगामात सकाळी दहा-अकराच्या सुमाराला बोटी, बसगाड्या आणि टूरवाल्यांचे जथे एकदम उतरतात, आणि चार-पाच वाजता तसेच निघूनही जातात. ज्यांना हे गाव आवडत नाही, ते बहुधा याच पाच-सहा तासांत येऊन गेलेले असतात. म्हणून पुढचा सगळा बेत एकाच हिशेबावर बांधला आहे: गावात किमान दोन रात्री राहायचं, सकाळ आणि संध्याकाळ गावाला द्यायची, आणि गर्दीच्या वेळी आपण गावाबाहेर असायचं.

कधी जायचं

एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनची सुरुवात, नाहीतर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबरअखेर चालतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये त्या जवळजवळ बंद असतात, बरीच हॉटेलं कुलूप लावून बसतात आणि पाऊसही याच काळात जास्त. मोठ्या पावसानंतर कड्यावरून दरड आली की किनाऱ्याचा रस्ता अडतो, आणि तेव्हा बोटीचा पर्यायही हाताशी नसतो. ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर असते. १५ ऑगस्ट हा 'फेर्रागोस्तो'चा सण, त्याच्या मागचापुढचा आठवडा टाळाच. पोहायचं असेल तर मात्र एप्रिलचा मोह नको. पाणी खऱ्या अर्थाने सुसह्य होतं ते जूनपासून, आणि ऊब सप्टेंबरभर टिकते.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क ९० युरो, त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अर्ज केंद्राची वेळ मिळणंच कठीण होतं, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. हॉटेलचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा.

पोचायचं कसं

अमाल्फीला रेल्वे नाही. दोन दारं आहेत: पश्चिमेकडून सोरेंतो आणि पूर्वेकडून सालेर्नो. बहुतेक लोक सोरेंतोचं दार धरतात, कारण नाव ओळखीचं असतं. मग नेपल्सहून सोरेंतोपर्यंतची खच्चून भरलेली लोकल, त्यानंतर पावणेदोन तासांच्या आसपासची वळणावळणाची बस, आणि तीही वाटेतल्या पोझितानो गावाला उभ्यानेच भरलेली. सालेर्नोची बाजू सरळ आहे. रोमहून वेगवान गाडी साधारण दोन तासांत सालेर्नोला पोचवते, नेपल्सहून चाळीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत लागतो. सालेर्नो स्टेशनबाहेर पडून समुद्राच्या दिशेने पाच-दहा मिनिटं चाललं की पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का लागतो. तिथून बोटीने अमाल्फी सुमारे पस्तीस मिनिटं.

१. प्रादेशिक रेल्वेगाडीचं कागदी तिकीट काढलं असेल, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. ॲपवरचं तिकीट असेल तर त्यातच 'चेक-इन' करावं लागतं. तिकीट आहे पण शिक्का नाही, यासाठीही दंड होतो, आणि "माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. वेगवान गाड्यांना आसन आणि वेळ ठरलेली असल्याने ही भानगड नसते.

२. बोटीचं तिकीट हंगामात आदल्या दिवशी काढून ठेवा. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे द्यावे लागतात. बोटीतून किनारा जसा दिसतो तसा बसमधून कधीच दिसत नाही, तेव्हा हा खर्च वाचवू नका.

३. वारा सुटला की बोटी रद्द होतात. आकाश निळंभोर असतानाही असं होतं, कारण अडचण पावसाची नसून लाटांची असते. बोटीला धक्क्याला नीट लागता येत नाही. त्या दिवशी बस.

४. बस सीता कंपनीची, सालेर्नोहून सव्वा तास. तिकीट आधीच घ्यायचं, तंबाखूच्या दुकानातून. दारावर गडद पाटीवर मोठा पांढरा 'टी' असतो ते दुकान, त्याला 'ताबाक्की' म्हणतात. बस नेमकी कुठून सुटते, तेही तिथेच विचारून घ्या. चढल्यावर तिकीट यंत्रात घाला. दिवसभर किनाऱ्यावर इकडेतिकडे करायचं असेल तर २४ तासांचा पास असतो, दहा युरोच्या आसपास.

सालेर्नोहून जाताना समुद्र डावीकडे, सोरेंतोहून येताना उजवीकडे. जागा त्या हिशेबाने धरा. घाटात बस लागत असेल तर पुढे बसा आणि गोळी आधी घ्या. हा रस्ता आंबा घाटाहूनही अरुंद आहे. समोरून दुसरी बस आली की एकीला मागे सरकावं लागतं.

वेळापत्रकात एक खोच आहे. 'फेरियाले' लिहिलेल्या फेऱ्या सोमवार ते शनिवार चालतात आणि 'फेस्तिव्हो' लिहिलेल्या रविवारी आणि सणांच्या दिवशी. 'फेरियाले' हा शब्द सुट्टीचा वाटतो, पण अर्थ बरोबर उलटा. 'स्कोलास्तिका' म्हणजे शाळेच्या दिवसांतच चालणारी फेरी. या तीन शब्दांमुळे थांब्यावर तास-तास उभं राहावं लागलेले लोक रोज दिसतात. दुसरी गोष्ट, भरलेली बस मधल्या थांब्यावर थांबतच नाही. त्यामुळे शक्य असेल तिथे पहिल्या थांब्यावरूनच चढा. अमाल्फी हा असा पहिला-शेवटचा थांबा आहे. सालेर्नोकडच्या आणि सोरेंतोकडच्या, दोन्ही बाजूंच्या गाड्या इथेच बदलाव्या लागतात.

गाडी भाड्याने घेण्याचा विचार सोडून द्या. हंगामात बाहेरच्या गाड्यांना नंबरप्लेटच्या सम-विषम अंकानुसार दिवसाआड बंदी असते, आणि वाहनतळाचे तासाचे दर बघून जेवण कडू होतं.

राहायला कुठे

खोली ठरवताना किंमत, न्याहारी आणि समुद्राचा देखावा यांच्याआधी एकच प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या? इथे घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. 'चौकापासून पाच मिनिटं' म्हणजे दीडशे पायऱ्या असू शकतात, आणि जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. आई-वडील सोबत असतील तर आकडा लेखी मागा. चाकांची बॅग इथे ओझं ठरते, पाठीवरची सॅक बरी. हॉटेलकडून सामान वाहणारा माणूस मिळतो, त्याचा दर आधी विचारा.

मुक्कामाचा कर, 'तास्सा दी सोज्जोर्नो', माणशी आणि रात्रीगणिक वेगळा द्यावा लागतो. तो खोलीच्या ऑनलाइन भरलेल्या रकमेत नसतो आणि पुष्कळदा रोख मागतात.

अमाल्फी खिशाला जड वाटलं तर शेजारचं आत्रानी बघा. पादचारी बोगद्यातून चालत दहा मिनिटं. क्षेत्रफळाने इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका, एक चौरस किलोमीटरचा जेमतेम आठवा भाग. संध्याकाळी तिथल्या चौकात पोरं चेंडू खेळत असतात आणि शेजारी दारात गप्पा मारत बसलेले असतात. अमाल्फीच्या चौकात हे आता फारसं उरलेलं नाही.

गाव बघण्याचा क्रम

सकाळी आठला बाहेर पडा. आधी समुद्राकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे पुढचं सगळं कळतं. डोंगर थेट पाण्यात उतरतात, शेतीला सपाट जमीन नाही, आणि जे काही मिळवायचं ते समुद्रातूनच. पिसा, जेनोव्हा आणि व्हेनिस यांच्या बरोबरीने इटलीची चार सागरी प्रजासत्ताकं सांगतात, त्यांतलं अमाल्फी सर्वांत आधी भरभराटीला आलेलं. ८३९ पासून ते स्वतंत्र होतं, व्यापार कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) आणि इजिप्तपर्यंत. पुढे ११३१ मध्ये नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ते आपल्या अमलाखाली आणलं, ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या आरमाराने लुटलं, आणि १३४३ च्या नोव्हेंबरात समुद्राने खालच्या गावाचा मोठा भागच गिळला. एवढ्या मोठ्या नावाचं गाव एवढंसंच का, याचं उत्तर निम्मं पाण्याखाली आहे.

बसच्या चौकात फ्लाव्हियो जोया याचा पुतळा आहे, होकायंत्राचा जनक म्हणून. हा माणूस बहुधा झालाच नाही. जुन्या लॅटिन मजकुरातला स्वल्पविराम चुकीच्या जागी वाचला गेला आणि त्यातून एक संशोधक जन्माला आला, असं अभ्यासक मानतात. पुतळा मात्र ऐटीत आहे. त्याच्याजवळच जुन्या गोदीची, म्हणजे 'आर्सेनाले'ची, दगडी कमानींची दालनं उरली आहेत. जहाजं इथे बांधली जात. आत जायला अर्धा तास पुरे.

मग पोर्ता देल्ला मारीना या कमानीतून कॅथेड्रलच्या चौकात. चढायला बासष्ट पायऱ्या. दर्शनी भाग जुना वाटतो, पण तो १८९१ चा आहे. आधीचा १८६१ मध्ये कोसळला होता. खरी जुनी वस्तू म्हणजे मधलं काशाचं दार. ते अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला ओतून इथे आणलं. त्यावर ख्रिस्त, मेरी, गावाचे पालक संत अँड्र्यू आणि संत पीटर यांच्या आकृती आहेत, त्या शोधायला जरा वाकून बघावं लागतं. बहुतेक लोक या दाराकडे पाठ करून पायऱ्यांचा फोटो काढतात.

तिकीट डावीकडच्या टोकाला, काही युरोचं. वाट एकाच दिशेने जाते: आधी 'नंदनवनाचा ओवरीचौक', म्हणजे किओस्त्रो देल पारादीझो, १२६६ ते १२६८ मध्ये श्रीमंत घराण्यांच्या दफनासाठी बांधलेला. एकमेकींत गुंफलेल्या टोकदार कमानी, जोडीजोडीचे सडपातळ खांब. बांधणी सरळसरळ अरबी वळणाची, व्यापार कुठवर पोचला होता याचा हा दगडी पुरावा. पुढे जुनं कॅथेड्रल, आता संग्रहालय. त्याखाली तळघरात संत अँड्र्यूचे अवशेष, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले. आणि शेवटी नवं कॅथेड्रल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत. एक ओढणी सोबत ठेवली की काम भागतं. २७ जून किंवा ३० नोव्हेंबरला तिथे असाल तर चौकात लवकर जागा धरा. संताची जड मूर्ती खांद्यावर घेऊन लोक या पायऱ्या पळत चढतात.

इथून मुख्य रस्त्याने वर. या रस्त्याखालून कान्नेतो नावाचा ओढा वाहतो, तो वरून झाकून टाकला आहे. डावी-उजवीकडे पांढऱ्या चुन्याच्या छतबंद गल्ल्या फुटतात, त्यांत मुद्दाम शिरा. हरवण्याइतकं गाव मोठं नाही. दहा-पंधरा मिनिटांत कागदाचं संग्रहालय येतं, 'मुझेओ देल्ला कार्ता'. गावात एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढा. जुन्या कागद गिरणीतच ते आहे आणि यंत्रं पाण्यावर चालवून दाखवतात.

अमाल्फीचा कागद लाकडाच्या लगद्याचा नव्हे, चिंध्यांचा. सुती आणि लिननच्या चिंध्या दगडी कुंडात भिजवायच्या, त्यावर पाणचक्कीने उचलले जाणारे लाकडी हातोडे आपटत राहायचे. हातोड्यांना खाली लोखंडी खिळे, त्यांची जाडी निरनिराळी, म्हणजे लगदा जाड-मध्यम-बारीक होत जातो. तयार लगद्यात तारेची चौकट बुडवून उचलायची. पाणी गळतं, तंतू वर राहतात. चौकटीवर तारेने विणलेली खूण असेल तिथे कागद पातळ होतो. तोच उजेडात दिसणारा जलचिन्हाचा ठसा. मग लोकरी कापडाच्या थरांत दाबून वाळवणं. सगळं दाखवून झाल्यावर पुष्कळदा पाहुण्यांनाही एक पान उचलू देतात. चौकट आडवी, समपातळीत उचला. एका बाजूला कलली तर पान तिथे जाड आणि दुसरीकडे भोकाचं होतं. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सरकारी दस्तऐवजांसाठी कागद वापरायला बंदी घातली होती, टिकत नाही म्हणून. दरीतल्या बहुतेक गिरण्या मात्र बंदीने नव्हे, १९५४ च्या पुराने आणि यंत्रयुगाने संपवल्या. संग्रहालयाच्या पुढे चालत राहिलात तर त्यांचे वेलींनी वेढलेले सांगाडे दिसतात, आणि पुढे व्हाल्ले देल्ले फेर्रिएरे ही ओलसर, थंड दरी. बूट पकड धरणारे हवेत, वाट शेवाळलेली असते.

अकरा ते चार कुठे जायचं

रावेल्लो, बसने अर्ध्या तासावर, समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंच. व्हिल्ला रुफोलो आणि व्हिल्ला चिंब्रोने या दोन बागा, दोन्हींना तिकीट. वेळ एकीलाच असेल तर चिंब्रोने. थोडं लांब चालावं लागतं म्हणून तिथे गर्दी कमी. उतरताना बस न पकडता पायऱ्यांच्या वाटेने किनाऱ्यावरच्या मिनोरी गावाला या, लिंबांच्या बागांमधून, तासाभराचं काम. चढून जाऊ नका, उतराच. तरीही दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात.

'देवांची वाट', सेंतिएरो देल्यी देई, हा थोडा मोठा बेत. अमाल्फीहून बसने आजेरोलातल्या बोमेरानोला जायचं आणि तिथून पोझितानोच्या वरच्या नोचेल्ले गावापर्यंत चालायचं, सहा-सात किलोमीटर, दोन ते तीन तास. याच दिशेने चालायचं, कारण असा उतार जास्त आणि समुद्र सतत समोर. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि सकाळी आठच्या आत सुरुवात; वाटेत सावली फार नाही. नोचेल्लेहून पोझितानोच्या रस्त्यापर्यंत सतराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असेल तर नोचेल्लेहूनच गावातली बस घ्या. पोझितानोहून परत बोटीने.

खाणं, आणि शाकाहाऱ्यांनी काय विचारायचं

दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत चुली बंद. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-चार युरो लागतात, तो टेबल आणि पावाचा आकार. फसवणूक नव्हे, पण तो मेनूकार्डावर छापलेला असायला हवा. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर एक भाव, टेबलावर बसून घेतलीत तर दुप्पट-तिप्पट. कॅथेड्रलच्या चौकात तर त्याहून जास्त.

किनारा मासळीचा, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे" म्हणा: मांसही नको, मासाही नको. तरी तीन ठिकाणी फसगत होते. 'आच्च्यूगे' किंवा 'आलीची' म्हणजे खारवलेले बारीक मासे, ते भाज्यांत आणि सॅलडमध्येही सहज पडतात. 'कोलातुरा' हा शेजारच्या चेतारा गावचा मासळीचा अर्क, पारदर्शक असल्याने दिसत नाही. आणि 'स्फोल्यातेल्ला' ही पापुद्र्यांची गोड शंखाकृती मिठाई, तिचे पापुद्रे परंपरेने डुकराच्या चरबीत सुटतात. कडक शाकाहारी असाल तर हेही लक्षात घ्या, की पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावलेलं असतं.

चीज चालत असेल तर निश्चिंतपणे मागवावं असं बरंच आहे. मिनोरीचे 'न्दुंदेरी', म्हणजे रिकोत्ता चीजचे मऊ गोळे, टोमॅटोच्या रश्शात. लिंबाच्या पानावर भाजलेलं प्रोव्होला चीज. वांग्याची पार्मिजाना. 'मारिनारा' पिझ्झाच्या नावात समुद्र आहे, पण वर फक्त टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो. मासा नाही, चीजही नाही. 'शालातिएल्ली' हा इथला जाडसर पास्ता, तो बहुधा शिंपल्यांबरोबर येतो, म्हणून टोमॅटो किंवा लिंबाबरोबर मागा. ऑगस्टमध्ये चॉकलेटात बुडवलेलं वांगं मिळतं. ऐकायला विचित्र आहे, एकदा खाऊन बघण्यासारखं आहे. आणि 'देलित्सिया आल लिमोने', लिंबाच्या साईत झाकलेला गोल केक, अंडं असलेला.

लिंबाबद्दल दोन शब्द जास्त. इथलं 'स्फुझातो' लिंबू लांबुडकं, टोकदार, जाड सालीचं आणि आपल्या कागदी लिंबापेक्षा कितीतरी कमी आंबट. चेस्टनटच्या खांबांच्या मांडवावर वेल चढवावेत तशी त्याची झाडं डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांवर वाढवतात. बाहेरची पिवळी साल पातळ सोलून टाकायची आणि आतला पांढरा जाड गर फोडींसकट मीठ लावून खायचा. मराठी जिभेला हे शिकवावं लागत नाही. 'लिमोन्चेल्लो' ही त्याच सालीची मद्यार्कात मुरवलेली दारू. दुकानात फुकट घोट देतात, जेवणाआधी चार दुकानं केलीत तर उतरणीच्या पायऱ्या अवघड जातात.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. कॅथेड्रलच्या चौकातल्या कारंज्याचं पाणी लोक भरून नेतात.

समुद्रात उतरायचं तर

गावच्या किनाऱ्यावर बहुतेक जागा छत्री-खुर्चीच्या भाड्याची. 'स्पियाज्जा लिबेरा', म्हणजे फुकटचा पट्टा, अगदी चिंचोळा. सकाळी नऊनंतर जागा उरत नाही. वाळू नाही, गोटे आहेत, दुपारी ते तापतात आणि पाण्यातही टोचतात, म्हणून रबरी बूट घ्या. धक्क्यावरून लहान बोटी दुओल्यो आणि सांता क्रोचे इथल्या छोट्या किनाऱ्यांवर ये-जा करतात; पाणी तिकडे जास्त स्वच्छ. परतीची शेवटची फेरी कितीला, ते उतरतानाच विचारा. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरू नका.

निघायच्या दिवशी

विमान किंवा लांबची गाडी असेल त्या दिवशी अमाल्फीहून निघून वेळ गाठण्याचा जुगार खेळू नका. आदल्या संध्याकाळी सालेर्नोला मुक्काम हलवा. संप, म्हणजे 'शोपेरो', आधी जाहीर होतो. थांब्यावर किंवा तिकीट खिडकीवर हा शब्द चिकटवलेला दिसला तर त्याखालची तारीख आणि तास नीट वाचा, कारण संप बहुधा काही तासांपुरताच असतो आणि सकाळच्या ठरावीक फेऱ्या चालू राहतात. बोटीने जाणार असाल तर बसची दोन तिकिटं खिशात राहू द्या. सकाळी वारा फिरला, की ताबाक्की उघडायच्या आतच बसला रांग लागलेली असते.